शिंपल्याचे वय कसे काढावे आणि त्यावरून वार्धक्य कसे ओळखावे

सन २००६ मध्ये आइसलँडच्या उत्तरेकडील समुद्रतळातून आर्क्टिका आयलँडिका या जातीचा एक शिंपला वर काढण्यात आला. त्याच्या बिजागरीजवळच्या भागातील वलये मोजून त्याचे वय प्रथम सुमारे ४०५ वर्षे ठरवण्यात आले, आणि चीनमधील ज्या राजवटीच्या काळात तो जन्मला असावा तिच्यावरून त्याला ‘मिंग’ हे नाव पडले. पुढे २०१३ मध्ये त्याच शिंपल्याच्या बाहेरच्या कडेवर नव्याने मोजणी झाली, ती किरणोत्सारी कार्बनच्या मापनाशी ताडून पाहिली गेली आणि वय ५०७ वर्षे निघाले. म्हणजे जन्मसाल १४९९. पहिल्या मोजणीत शंभराहून अधिक वर्षे हरवली होती. मोजणारे अननुभवी नव्हते. बिजागरीजवळ वलये इतकी दाटीने दबलेली असतात की त्यांतील कित्येक तेथे वेगळी ओळखूच आली नाहीत. शिंपल्याचे वय काढू इच्छिणाऱ्याने ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी, कारण पुढे सांगितलेल्या कृतीचा बराचसा भाग अशा हरवणाऱ्या वर्षांच्या शोधासाठीच आहे.

वलय पडते कसे, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. शिंपल्याच्या दोन अर्ध्या भागांना येथे पुटे म्हटले आहे. आतल्या मऊ प्राण्याचे प्रावार नावाचे पातळ आवरण पुटाच्या कडेला कॅल्शियम कार्बोनेट आणि थोडे सेंद्रिय द्रव्य सतत जमा करत असते. अन्न भरपूर आणि तापमान अनुकूल असताना कवचाचा रुंद पट्टा तयार होतो. वाढ मंदावली किंवा थांबली की सेंद्रिय द्रव्याचे प्रमाण अधिक असलेली बारीक रेषा उमटते. एक पट्टा आणि एक रेषा मिळून एक वलय होते. ही जुळणी झाडाच्या खोडातील वलयांसारखी आहे, परंतु एक फरक मोठा आहे: झाडाची रेषा बहुधा एका ठरलेल्या हंगामातच पडते, तर शिंपल्याची रेषा थंडीमुळे, अतिउष्णतेमुळे, अंडी सोडल्यामुळे, गोड्या पाण्याचा लोंढा आल्यामुळे किंवा एखाद्या खेकड्याने कड मोडल्यामुळेही पडू शकते. त्यामुळे कवचाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या कडा मोजून वय सांगण्याची जी पद्धत सर्रास वापरली जाते, तिच्यावर मी अल्पायुषी जातींच्या बाबतीतही फारसा विश्वास ठेवत नाही.

आकारावरून वयाचा अंदाज बांधणे तर त्याहूनही फसवे आहे. लुडविग फॉन बर्टालान्फी यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या वाढीच्या समीकरणानुसार प्राणी आपल्या कमाल लांबीच्या जितका जवळ जातो तितकी त्याची वाढ मंदावते. समजा, एखाद्या जातीची कमाल लांबी १०० मिलिमीटर आहे आणि वाढीचा गुणांक वर्षाला ०.०५ आहे. अशा शिंपल्याची लांबी ५०व्या वर्षी सुमारे ९१.८ मिलिमीटर, १००व्या वर्षी ९९.३ मिलिमीटर आणि २००व्या वर्षी जवळजवळ पूर्ण १०० मिलिमीटर भरेल. शंभर आणि दोनशे वर्षांच्या शिंपल्यांमधला हा पाऊण मिलिमीटरहून कमी फरक दोन भावंडांमध्येही सहज आढळतो. याच हिशेबात शंभरीनंतरच्या एका वर्षाचे वलय सुमारे ०.०३ मिलिमीटर रुंद येते, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक. ते पाहायचे तर शिंपला कापावाच लागतो.

कापण्यासाठी नमुना निवडताना पुटाची कड शाबूत असलेला आणि चोच, म्हणजे बिजागरीजवळचा सर्वांत जुना टोकदार भाग, फार न झिजलेला शिंपला घ्यावा. चोच झिजली असेल तर पहिली काही वर्षे नाहीशी झालेली असतात, आणि अशा वेळी मिळालेली संख्या ‘किमान वय’ म्हणूनच नोंदवावी. जिवंत प्राणी गोळा करायचा असल्यास त्या किनाऱ्यावर लागू असलेले नियम आधी पाहावेत. शक्य तेथे मेलेल्या शिंपल्यांवरच हात बसवून घ्यावा. मात्र मेलेल्या शिंपल्यावरून तो किती वर्षे जगला एवढेच कळते, तो केव्हा जगला हे कळत नाही, कारण शेवटचे वलय कोणत्या सालचे आहे हे ठाऊक नसते. जिवंत पकडलेल्या शिंपल्याचे शेवटचे वलय पकडल्याच्या तारखेशी बांधलेले असते आणि तेथून मागे मोजत जाता येते.

पुट मऊ ब्रशने पाण्याखाली धुऊन पूर्ण वाळवावे. कापताना ते तडकू नये म्हणून त्यावर इपॉक्सीचा थर द्यावा, किंवा पुट लहान असल्यास ते साच्यात ठेवून संपूर्ण इपॉक्सीत बुडवावे आणि रात्रभर घट्ट होऊ द्यावे. त्यानंतर चोचीपासून समोरच्या कडेपर्यंत, वाढीची दिशा जिथे सर्वांत लांब आहे त्या रेषेवर पेन्सिलीने खूण करून, हिऱ्याची धार असलेल्या मंदगती चकतीच्या करवतीने पाण्याच्या धारेखाली काप घ्यावा. काप या रेषेपासून तिरका गेला तर वलये खोटी रुंद दिसतात आणि बिजागरीतील दात, म्हणजे दोन पुटे एकमेकांत अडकवणारा उंचवटा, चुकतो. म्हणून खूण करण्यात घालवलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत. कवचाची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे कापणे आणि घासणे ही दोन्ही कामे ओली ठेवूनच करावीत.

कापलेला पृष्ठभाग काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवलेल्या वॉटर पेपरवर घासावा. चारशे क्रमांकाच्या कागदापासून सुरुवात करून आठशे, बाराशे असे क्रमाने बारीक होत जावे आणि प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा काटकोनात बदलावी, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेले की नाही हे लगेच दिसते. शेवटी ॲल्युमिनाच्या किंवा हिऱ्याच्या बारीक पेस्टने चकाकी आणावी. प्रत्येक कागद बदलताना नमुना स्वच्छ धुतला नाही, तर जाड कागदाचा एकच कण शेवटच्या टप्प्यावर येऊन सगळी मेहनत ओरबाडून टाकतो.

यापुढचा टप्पा आम्लाचा. चकचकीत पृष्ठभाग ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात साधारण दीड मिनिट बुडवून लगेच पाण्याने धुवावा. आम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी नव्हे. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते आणि सेंद्रिय द्रव्य मागे राहते, त्यामुळे रेषा पट्ट्यांच्या मानाने किंचित उंच उठून येतात. माझ्या पहिल्या चांगल्या नमुन्याच्या वेळी मी ‘थोडे अधिक स्पष्ट व्हावे’ म्हणून तो तब्बल पाच मिनिटे आम्लात ठेवला. बाहेर काढला तेव्हा बारीक रेषा कोसळून एकमेकींत मिसळल्या होत्या आणि पुन्हा वॉटर पेपरपासून सुरुवात करावी लागली. वेळ कमी ठेवावी, पाहावे, आणि गरज पडल्यास पुन्हा बुडवावे.

वाळलेल्या पृष्ठभागावर ॲसिटोनचे काही थेंब पसरून त्यावर सेल्युलोज ॲसिटेटची पातळ फिल्म हलकेच, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, बुडबुडा न राहील अशी टेकवावी. ॲसिटोनने फिल्मचा खालचा थर मऊ होतो आणि कवचावरील प्रत्येक उंचवटा त्यात उमटतो. वीस मिनिटांनी, पूर्ण वाळल्यावर, फिल्म सोलून दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवली की सूक्ष्मदर्शकाखाली कवचाचा ठसा दिसतो. ॲसिटोन भडकणारा द्रव आहे, म्हणून जवळ ज्योत नसावी आणि खिडकी उघडी असावी. ज्यांच्याकडे साधने आहेत ते अल्शियन ब्लू, ग्लुटाराल्डिहाइड आणि ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणाने, ज्याला मुटव्हेईचे द्रावण म्हणतात, रेषा निळ्या रंगवतात. दिसायला ते देखणे असते, परंतु मोजणीसाठी साधा ठसा बहुतेक वेळा पुरतो.

मोजणी दोन ठिकाणी करावी: एकदा बिजागरीच्या दातात आणि एकदा बाहेरच्या कडेने. बिजागरीत संपूर्ण आयुष्य काही मिलिमीटरांत मावलेले असते आणि तो भाग पाण्याने झिजत नाही, ही त्याची सोय. मात्र म्हातारपणाची वलये तेथे दबून जातात. कडेकडील वलये तुलनेने रुंद असतात, पण चोचीजवळचा भाग झिजलेला असू शकतो. दोन्ही मोजण्यांत फरक आला तर सरासरी काढू नये; फरक नेमका कोणत्या दशकांत आहे ते शोधावे. दुसऱ्या व्यक्तीनेही पहिल्या मोजणीचा आकडा न पाहता स्वतंत्र मोजणी करावी.

इथपर्यंत मिळाली ती वलयांची संख्या. तिचे वर्षांत रूपांतर करण्यासाठी एक वलय म्हणजे एक वर्ष हे सिद्ध करावे लागते, आणि माझ्या मते संपूर्ण कामाचे मोल याच टप्प्यावर ठरते. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे जिवंत शिंपल्यांना काही तास कॅल्सीन या रंगद्रव्याच्या द्रावणात ठेवून पुन्हा समुद्रात सोडणे. त्या दिवशी घडणाऱ्या कवचात कॅल्सीन अडकते आणि निळ्या प्रकाशाखाली ती रेषा हिरवी चमकते. दोन वर्षांनी तो शिंपला पुन्हा मिळाला आणि हिरव्या रेषेपुढे दोनच वलये आढळली, तर त्या ठिकाणापुरते, त्या वयापुरते उत्तर मिळाले. तीस वर्षांच्या शिंपल्यावर तपासलेली गोष्ट तीनशे वर्षांच्या शिंपल्याला लागू होईलच असे नाही.

दुसरा मार्ग ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा आहे. कवच बनताना पाणी थंड असेल तर ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाचे प्रमाण वाढते आणि उबदार असेल तर घटते. तापमानातील साधारण सव्वाचार ते साडेचार अंशांच्या फरकाला हे प्रमाण सहस्रांशात एकने बदलते. बारीक ड्रिलने कवचाची पूड वाढीच्या दिशेने ओळीने गोळा करून मोजली असता उन्हाळा-हिवाळ्याची लाट उमटते. प्रत्येक लाटेत एकच रेषा आणि तीही दरवेळी लाटेच्या त्याच जागी येत असेल, तर ती वार्षिक आहे. लाटेत मध्येच, जागा सोडून पडलेली रेषा वादळाची किंवा इजेची समजावी. नदीमुखाजवळच्या शिंपल्यांबाबत येथे सावध राहावे, कारण गोड्या पाण्यातील ऑक्सिजन मुळातच हलका असतो आणि पुराचे पाणी उबदार हंगामाचे सोंग आणू शकते.

तिसरा मार्ग कार्बन-१४ चा, म्हणजे किरणोत्सारी कार्बनचा. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अण्वस्त्र-चाचण्यांमुळे वातावरणात कार्बन-१४ एकाएकी वाढला आणि काही वर्षांनी समुद्राच्या वरच्या थरातही पोहोचला. त्या काळात जगलेल्या शिंपल्याच्या कवचात ही वाढ जिन्याच्या पायरीसारखी दिसते. वलये मागे मोजत गेल्यावर पायरी अपेक्षित सालाशी जुळली पाहिजे. त्याहून जुन्या कवचासाठी नेहमीचे कार्बन कालमापन वापरता येते, मात्र समुद्राच्या पाण्यातील कार्बन मुळातच ‘जुना’ असल्याने निकाल सरासरी चारशे वर्षांनी मागे सरकतो आणि ती दुरुस्ती प्रत्येक समुद्रासाठी वेगळी असते. मिंगच्या बाबतीत हे मापन वलयांच्या मोजणीला आधार म्हणून वापरले गेले.

चौथा मार्ग वृक्षवलयांच्या अभ्यासातून आलेला आहे आणि खर्च सर्वांत कमी असल्याने सुरुवात करणाऱ्याने तोच आधी शिकावा. एकाच ठिकाणच्या अनेक शिंपल्यांनी तीच थंडी, तीच उपासमार सोसलेली असते, म्हणून त्यांची अरुंद वलये एकाच साली पडतात. प्रत्येक शिंपल्यातील वलयांची रुंदी मोजून, वयानुसार होणारी नैसर्गिक घट गणिताने काढून टाकून, उरलेले चढउतार एकाखाली एक मांडावेत. समजा, पाच शिंपल्यांत एक ठळक अरुंद वलय कडेपासून ३८वे आहे आणि सहाव्यात ते ३७वे आहे. अशा वेळी सहाव्यात एक वलय मोजायचे राहिले, किंवा ते मुळात पडलेच नाही. मग फक्त त्या भागाचा ठसा अधिक मोठा करून पाहायचा. बहुतेक वेळा हरवलेले वलय एका फिक्या पुसट रेषेच्या रूपाने सापडते, आणि त्या क्षणाचे समाधान वेगळेच असते.

वय हाती आले की वार्धक्याचा प्रश्न सुरू होतो, आणि ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. वय म्हणजे गेलेली वर्षे. वार्धक्य म्हणजे त्या वर्षांबरोबर शरीराची क्षमता घटणे आणि मृत्यूची शक्यता वाढणे. बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये दाखवले की प्रौढ माणसांचा मृत्युदर वयाबरोबर ठरावीक पटीने वाढत जातो. शिंपल्यांच्या काही जातींत अशी वाढ फारच मंद दिसते किंवा दिसतच नाही. मात्र असे विधान करताना अतिवृद्ध नमुने किती आहेत ते आधी पाहावे. हजारो शिंपल्यांतून काढलेले कमाल वय आणि वीस शिंपल्यांतून काढलेले कमाल वय यांची तुलना करू नये. नमुना मोठा असेल तर कमाल आकडा आपोआप वर जातो.

जातींमधील तफावत मात्र इतकी मोठी आहे की ती नमुन्याच्या आकाराने झाकली जात नाही. उथळ पाण्यातील बे स्कॅलप हा शिंपला एक-दोन वर्षांतच संपतो. मर्सेनॅरिया मर्सेनॅरिया या कठीण कवचाच्या क्लॅमची शंभरीपलीकडची, तर पॅसिफिकमधील जिओडक क्लॅमची १६८ वर्षांची नोंद आहे. आणखी उद्बोधक तफावत एकाच जातीत दिसते: आइसलँडजवळ पाचशे वर्षे जगणारी आर्क्टिका बाल्टिक समुद्राच्या कमी खारट, अस्थिर पाण्यात साधारण चाळिशीपर्यंतच आढळते. म्हणून ‘या जातीचे आयुष्य इतके’ असे न लिहिता ‘या पाण्यात इतके’ असे लिहावे.

ऊतींची तपासणी करायची असल्यास कल्ले, प्रावार आणि स्नायू यांचे नमुने घ्यावेत आणि प्रत्येक प्राण्याचे वय त्याच्याच कवचावरून काढावे. लांबीवरून वयोगट पाडल्यास सगळा अभ्यास वाया जातो, हे वरच्या हिशेबावरून स्पष्ट आहे. येथे आणखी एक सापळा आहे. आइसलँडच्या आर्क्टिकांमध्ये ऑक्सिडीकरणापासून संरक्षण करणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) पातळी पहिल्या सुमारे तीस वर्षांत उतरते आणि नंतर दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहते. पाच वर्षांचा एक गट आणि साठ वर्षांचा दुसरा असे दोनच गट घेतले असते, तर ‘वयाबरोबर संरक्षण ढासळते’ असा निष्कर्ष निघाला असता. प्रत्यक्षात ती घट वाढीच्या वयातून प्रौढपणात येण्याची आहे. म्हणून प्रौढपण आल्यानंतरचे किमान तीन-चार वयोगट तरी हवेत.

काय मोजावे याबाबत दीर्घायुषी जातींवरील संशोधनातून काही दिशा मिळतात. पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांच्या पटलांत अनेक दुहेरी बंध असलेली मेदाम्ले जितकी जास्त, तितकी ती ऑक्सिडीकरणाने लवकर खराब होतात; निरनिराळ्या आयुर्मानाच्या शिंपल्यांची तुलना केली असता दीर्घायुषी जातींची पटले या दृष्टीने अधिक टिकाऊ आढळली, आणि आर्क्टिकाची सर्वांत टिकाऊ. तिची प्रथिने ताण पडला तरी आपली घडी सहजासहजी सोडत नाहीत. गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमियर वयाबरोबर आखूड होतात का, हेही तिच्यात पाहिले गेले आणि तशी ठळक घट आढळली नाही. शिवाय ती मधूनमधून वाळूत खोल शिरून पुटे मिटून घेते आणि एक ते सात दिवस जवळजवळ ऑक्सिजनविना, चयापचय अगदी मंद करून राहते. प्रयोगशाळेच्या टाकीत श्वसनाचा वेग मोजताना याच सवयीमुळे गोंधळ होतो: पुटे मिटलेली असताना घेतलेला आकडा प्राण्याच्या वयाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून पाणी आत-बाहेर करणाऱ्या नलिका उघड्या आहेत का, हे दर मोजमापाबरोबर डोळ्यांनी पाहून लिहावे.

वार्धक्याची खूण म्हणून लिपोफुस्किन या पिवळट-तपकिरी रंगकणांचाही उपयोग होतो, कारण पेशीला विल्हेवाट लावता न आलेला कचरा त्या रूपात साठत जातो. कात टाकताना कवचच टाकून देणाऱ्या खेकडे व शेवंडांचे वय काढण्यासाठी हेच कण मोजण्याचा मार्ग वापरला जातो. मात्र त्यांचा साठण्याचा वेग तापमानावर अवलंबून असल्याने एका समुद्रातील मोजपट्टी दुसरीकडे नेऊ नये. सगळेच मृत्यू वार्धक्याचे नसतात, हेही नोंदी ठेवताना विसरू नये: मऊ कवचाच्या माया अरेनेरिया या क्लॅममध्ये एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे कर्कपेशी पसरणारा कर्करोग आढळतो आणि तो वयाने वाढलेल्या मृत्युदराचा आभास निर्माण करू शकतो.

निकाल लिहिताना ‘वय १४३ वर्षे’ एवढेच न लिहिता कोठे मोजले, किती जणांनी मोजले, किती वलये संशयास्पद होती आणि चोच झिजलेली होती का, हे सोबत द्यावे. एक पूट न कापता जपून ठेवावे, त्याच्या आतल्या बाजूस टिकाऊ शाईने क्रमांक आणि गोळा केल्याची पूर्ण तारीख लिहावी, आणि ॲसिटेटचे ठसे त्याच क्रमांकाने पाकिटात ठेवावेत. मिंगची दुसरी मोजणी सात वर्षांनी होऊ शकली, ती त्याचे कवच कोणीतरी कपाटात नीट ठेवले होते म्हणून.